खड्ड्यापासून चावीपर्यंत

गेल्या अंकात मी क्युरिंगवर, म्हणजे काँक्रीटला पाणी मारून ओलं ठेवण्यावर लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी नोकरीबद्दल. बरोबरच आहे म्हणा. स्लॅबला पाणी कोणी ना कोणी मारतंच, स्वतःची काळजी मात्र ज्याची त्यालाच करावी लागते. यावेळी पाच पत्रं घेतली आहेत. नावं गाळली आहेत, कारण दोघांनी आपापल्या साहेबांबद्दल जे लिहिलंय ते साहेबांच्या वाचनात न आलेलं बरं.

मॅडम, मी लातूरचा. सिव्हिल डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली. सध्या पुण्यात वाकडला टॉवरच्या साइटवर ज्युनिअर इंजिनिअर आहे, ही तिसरी कंपनी. सकाळी आठला जातो, स्लॅब असला की रात्रीचा एक वाजतो. बरोबरचे मित्र बँकेच्या परीक्षा देतायत, एकजण आयटीत गेला. आता चौथी कंपनी तीन हजार जास्त द्यायला तयार आहे. जाऊ का? की हे क्षेत्रच सोडू? यात आयुष्यभराचं करिअर होतं का?

होतं बाळा. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तिन्ही कंपन्यांचे पगार आहेत, साहेबांचे स्वभाव आहेत, मेसमधल्या डाळीचंसुद्धा वर्णन आहे. काम काय केलंस त्याबद्दल एकच ओळ: ‘स्लॅबची कामं बघितली.’ गोम इथेच आहे. तिन्ही ठिकाणी तू आरसीसी, म्हणजे सळई-काँक्रीटचा सांगाडा चालू असताना गेलास आणि ती संपायच्या आत निघालास. दोन वर्षांत एकच काम तीनदा शिकलास. ब्लॉकवर्क, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग, लिफ्ट, फायरची लाइन, ताबा देतानाची रडारड, यातलं काहीच तुझ्या वाट्याला आलेलं नाही.

त्याने काय बिघडतं ते सांगते. कोथरूडच्या एका इमारतीत ताबा दिल्यावर तीन महिन्यांत चौथ्या मजल्याच्या बाथरूमचं छत ओलं व्हायला लागलं. रजिस्टर काढलं. वरच्या फ्लॅटच्या संक स्लॅबचं (बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबचं) वॉटरप्रूफिंग झालेलं, पाणी भरून दोन दिवस ठेवलेलं, खाली थेंब नाही, खाली सही. सगळं चोख. मग टाइल्स फोडल्या. बाजूच्या भिंतीत मुठीएवढं भोक, त्यातून पाइप गेलेला आणि भोवती नुसता माल थापलेला. चौकशी केली तेव्हा कळलं की टेस्ट झाल्यावर ग्राहकाने बेसिनची जागा बदलून मागितली होती. प्लंबरने छिन्नी मारली, पाइप घातला, वर तोंड लिंपलं आणि टाइल्सवाला येऊन झाकून गेला. ज्या पोराने सही केली होती त्याने तोवर दुसरीकडे नोकरी धरली होती. हुशार होता. पण टेस्टनंतर कोणी छिन्नी मारली तर टेस्ट पुन्हा करायची असते, हे त्याला आजही ठाऊक नसेल, कारण ते छत ओलं झालं तेव्हा तो तिथे नव्हता. आपल्या धंद्यात चूक केल्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी दिसते. जो मध्येच जातो त्याला ती दिसतच नाही, आणि मग दहा वर्षांच्या अनुभवाचा माणूस एका वर्षाचा अनुभव दहा ठिकाणी घेऊन आलेला निघतो. असे बायोडेटे मी बरेच बाजूला ठेवले आहेत.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की एक तरी इमारत खड्ड्यापासून चावीपर्यंत बघ. साइट बदलायला माझी ना नाही. काम संपलं की साइट बंद होणारच. समृद्धीचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, ७०१ किलोमीटरचं काम संपलं, तिथली माणसं पुढच्या कामावर गेली. ते जाणं वेगळं आणि अर्ध्यातून उठणं वेगळं.

तर त्या तीन हजारांचं काय करायचं? मी ते क्षुल्लक मानत नाही, घरी पैसे पाठवणाऱ्याला तीन हजार म्हणजे काय ते मला माहीत आहे. आधी आत्ताच्या प्रोजेक्ट मॅनेजरकडे जा आणि सरळ सांग, ‘सर, मला खालच्या मजल्यांच्या फिनिशिंगवर टाका.’ टॉवर वर चढत असतो तेव्हा खाली ब्लॉकवर्क सुरू झालेलं असतं, म्हणजे मागणी काही अवघड नाही. तो नाहीच म्हणाला तर चौथ्या कंपनीला एकच विचार: प्रोजेक्ट कुठल्या टप्प्यावर आहे? फिनिशिंगला असेल तर बिनधास्त जा. पुन्हा फुटिंगच, म्हणजे पायाच असेल तर तीन हजारांसाठी तोच धडा चौथ्यांदा गिरवशील.

आणि स्लॅब ‘बघणं’ म्हणजे काय, तेही तपासू. पुढच्या स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी, सेंट्रिंगवाले, म्हणजे काँक्रीटचा साचा बांधणारे, चहाला गेले की एकटा वर जा. सळईखालचे कव्हर ब्लॉक २० मिलिमीटरचे आहेत की खडीचे तुकडे सरकवलेत? बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. तिच्याखाली चेअर, म्हणजे तिला उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळया, पुरेशा आहेत का? कारण सकाळी काँक्रीटची गँग त्याच सळईवरून नाचणार. ती तुडवली जाऊन खाली बसली तर बाल्कनी नुसत्या काँक्रीटच्या भरवशावर राहते, आणि हे वरून बघून नंतर कोणालाच कळत नाही. इलेक्ट्रिशियनने सगळे पाइप एकाच जागी जुडी करून नेलेत का? मग खाली उतर. टेकू भरावाच्या मातीवर उभे असतील तर खाली फळी आहे का? दुसऱ्या दिवशी मिक्सर आला की चलनावर प्लांटवर भरल्याची वेळ असते, ती वाच. ‘साहेब, माल घट्ट आहे, थोडं पाणी मारू?’ असं कोणीतरी विचारेलच. त्याला नाही म्हणायचं आणि का नाही तेही सांगायचं, हे ज्याला जमलं तो इंजिनिअर झाला.

त्याच्याच जोडीला लोखंडाचा हिशेब हातात घे. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, मीटरला किलो. १० मिलिमीटरची सळई म्हणजे मीटरला ०.६१७ किलो, बारा मीटरचा नग साधारण ७.४ किलो. ट्रक आला की नग मोज, गुणाकार कर, काट्याच्या पावतीशी ताडून बघ. थोडी तफावत कोडलाही मान्य आहे, पण दरवेळी एकाच बाजूला फरक येत असेल तर साहेबांच्या कानावर घाल. बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता, दुसऱ्याने केलेलं वाचू नकोस, स्वतः एक्सेलमध्ये कर आणि मग त्याच्याशी जुळव. तुझ्या वयाची पोरं सॉफ्टवेअरचे महागडे क्लास लावतात आणि बीमची रिंग किती लांबीची कापायची ते बारबेंडरला विचारतात. ऑटोकॅड हवंच, पुढे प्लॅनिंगला जायचं तर प्रायमावेराही हवं, पण आधी हे.

शिकायचं असेल तर डिप्लोमावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तीन वर्षं जातील, पण पंचविशीच्या आत जायचं तर हीच वेळ आहे. मात्र साइटच्या कंटाळ्याने जाऊ नकोस, पदवी घेऊनही पुन्हा साइटवरच यायचंय. आणि रात्री एकपर्यंत थांबण्याबद्दल. ते चांगलं नाही आणि मी त्याचं कौतुक करणार नाही. रात्रीच्या स्लॅबनंतर ‘उद्या दुपारी ये’ म्हणणारा साहेब मिळाला तर मात्र पाचशे-हजार कमी घेऊनही त्याच्याकडे टिक.

ताई, मी कराडची, बी.ई. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला. मला साइटवर काम करायचंय. घरचे म्हणतात, सरकारी परीक्षा दे नाहीतर डिझाइन ऑफिसात बस, साइट बायकांची नाही. त्यांना काय सांगू?

घरच्यांना दाखले देऊन फारसं होत नाही, हे मी आधीच सांगते. शकुंतला भगत यांनी १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिलची पदवी घेतली आणि पुढे पोलादी पुलांच्या कामात नाव काढलं. ही गोष्ट मी माझ्या वडिलांना सांगितली होती. ते म्हणाले, ‘त्या मुंबईच्या.’

त्यांना हवी असतात ती साध्या प्रश्नांची उत्तरं. राहणार कुठे, परत येणार किती वाजता, बरोबर कोण. ती उत्तरं तुझ्याकडे असली पाहिजेत, म्हणून मुलाखतीत तूच विचार. साइटवर बायकांसाठी वेगळं, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह आहे का? रात्रीच्या स्लॅबला थांबावं लागलं तर घरी सोडायला गाडी आहे का? दुसरी कोणी इंजिनिअर मुलगी आहे का? पहिल्या प्रश्नाला समोरचा हसला किंवा ‘होऊन जाईल’ म्हणाला, तर तिथे जाऊ नकोस. मी नोकरीला लागले तेव्हा हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. दिवसभर पाणी कमी पिऊन काढलेल्या उन्हाळ्यांची किंमत मूत्रमार्गाच्या दुखण्यात मोजली आहे. त्यात शौर्य काही नव्हतं.

मजुरांची भीती घालतील तर ती खोटी आहे. मुकादम पहिला आठवडा तुझी परीक्षा बघतो. ओळंबा लावून कॉलम किती बाहेर आहे हे तू स्वतः दाखवलंस की विषय संपतो. त्रास बहुधा वरून येतो. मीटिंगमध्ये तुझं म्हणणं तुझ्याच ज्युनिअरला विचारून पक्कं करणारे लोक भेटतील. त्यांच्यासाठी ईमेल असतो. बोललीस ते त्याच संध्याकाळी दोन ओळींत लिहून पाठव.

डिझाइन ऑफिसलाही कमी लेखू नकोस. पण आधी साइट कर. बीम-कॉलमच्या जोडात सळयांची इतकी गर्दी होते की व्हायब्रेटरची सुई आत जात नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला डिझायनर पुढे वेगळं ड्रॉइंग काढतो. सरकारी परीक्षाही दे, फॉर्म भरायला काय जातं. जाहिरात कधी निघेल याची वाट बघत घरी बसू नकोस, एवढंच.

नमस्कार मॅडम. मुलाकडून लिहून घेतोय. मी बीड जिल्ह्यातला, चाकणला सेंट्रिंगचा मिस्त्री आहे. वय ३६, शिक्षण नववी. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली झाली. आता एक बिल्डर चार मजल्यांचं सेंट्रिंग थेट मला देतो म्हणतोय. गावाकडची दहा माणसं आहेत. घेऊ का ठेका?

घ्या. पण दर ऐकून हुरळून जाऊ नका. आधी विचारा, माप कशावर धरणार? ‘चौरस फुटाला इतके’ असं सगळेच म्हणतात. त्यात दोन पद्धती आहेत. एक म्हणजे स्लॅबच्या क्षेत्रफळावर, दुसरी म्हणजे काँक्रीटला जिथे जिथे फळी लागली त्या प्रत्यक्ष क्षेत्रावर. तुमचंच उदाहरण घेऊ. ९ इंच रुंद, १८ इंच खोल बीम, वर ५ इंचांचा स्लॅब. दोन्ही बाजू १३-१३ इंच आणि तळ ९, म्हणजे ३५ इंच. एक फूट लांबीला जवळजवळ २.९ चौरस फूट फळी लागते. स्लॅबच्या मापात तोच बीम फुटाला फक्त पाऊण चौरस फूट धरला जातो. कॉलम तर त्या मापात हिशेबातच येत नाहीत. स्लॅबवर धरणार असतील तर दर त्या प्रमाणात जास्त पाहिजे. तोंडी काही ठेवू नका. साध्या कागदावर माप कसं, दर किती, प्लेटा आणि टेकू कोणाचे, तेलाचा-खिळ्यांचा खर्च कोणाचा, बिल किती दिवसांनी, किती टक्के अडकवून ठेवणार आणि ते कधी सोडणार, हे सगळं लिहून दोघांच्या सह्या करा. मुलगा लिहिता आहे, त्याला बरोबर न्या.

बिलातून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जाईल. तो पॅन नंबरवर जमा झालाय का ते बघा आणि वर्षअखेरीला रिटर्न भरा, बसत असेल तर पैसे परत मिळतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जायला लागली की जीएसटीसाठी हिशेबनिसाकडे जावं लागेल. दहा माणसांची हजेरी रोजच्या रोज वहीत, खर्चीचे, म्हणजे माणसांना वरखर्चाला दिलेले पैसे वेगळ्या पानावर, गावाकडे दिलेली उचल तिसऱ्या पानावर. तुमच्यासारखे चांगले हात मी बुडताना पाहिलेत ते कामात कमी पडले म्हणून नाही. उचल दिलेला माणूस दिवाळीला गावी गेला तो आलाच नाही, आणि बिल्डरने बिल दोन महिने लांबवलं, या दोहोंच्या मध्ये ते सापडले. निदान दीड महिन्याची खर्ची स्वतःकडे असल्याशिवाय सुरुवात करू नका.

दुसरं, आता तुम्हीच मालक म्हणून एक मोह होईल. प्लेटा भाड्याच्या असतील आणि पुढच्या स्लॅबला लागत असतील, तर चौथ्या दिवशी टेकू काढावेसे वाटतील. साधं सिमेंट आणि नीट पाणी मारलेलं असेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याचे चौदा. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा, त्यापुढे एकवीस. हे आपल्या कोडमध्येच लिहिलंय. इंजिनिअरने तोंडी ‘काढ’ म्हटलं तरी लिहून घ्या. पडलं तर खाली तुमच्याच गावची पोरं असतात. कामगारांच्या भरपाईचा विमा पहिल्या दिवशीच उतरवा.

आणि बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी तुम्ही केली नसणार, असं पत्रावरून वाटतंय. वय १८ ते ६०, वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. बांधकामाच्या खर्चावरचा १ टक्का उपकर या मंडळाकडे जातो, म्हणजे तो पैसा तुमच्यासाठीच आहे. मुलांच्या शिक्षणाला मदत मिळते. स्वतःची आणि दहाही जणांची नोंदणी करा. एजंटाला पैसे देऊ नका. नववी शिक्षणाचा न्यूनगंडही नको. हातातल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सरकारी योजना आहे, आरपीएल म्हणतात. मोठ्या कंपनीत सुपरवायझर म्हणून जायची वेळ आली तर तो कागद उपयोगी पडतो.

ताई, वय ५१, सुपरवायझर. प्रोजेक्ट संपला, कंपनीने ‘कळवतो’ म्हटलं त्याला चार महिने झाले. गुडघे बोलतात, बारा मजले चढवत नाहीत. या वयात कोण घेणार?

नव्या टॉवरवर कोणी घेणार नाही, आणि तुम्हीही जाऊ नका. जुन्या इमारतींकडे वळा. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. त्यामागोमाग दुरुस्ती येते, आणि दुरुस्तीला पंचविशीतला मुलगा चालत नाही. प्लास्टरवर हातोडी वाजवून आतून पोकळ कुठे आहे हे आवाजावरून सांगणारा माणूस लागतो, आणि तो कान तुमच्याकडे आहे. रिपेअर कॉन्ट्रॅक्टर आणि सोसायट्यांची कामं बघणारे सल्लागार यांच्याकडे जा.

दुसरी जागा बिल्डरकडेच आहे. रेरा कायद्याने ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचे असतात. त्यामुळे तक्रारी बघायला, गळती शोधायला, रहिवाशांशी गोडीने बोलायला त्यांना कोणीतरी हवं असतं. तिथे लिफ्ट चालू असते, हा गुडघ्यांचा फायदा. बायोडेटात ‘३० वर्षांचा अनुभव’ एवढंच लिहू नका. कुठल्या पाच इमारती ताब्यापर्यंत नेल्या, किती मजल्यांच्या, त्यात काय काय सांभाळलं, ते लिहा. जुन्या मुकादमांना, प्लंबरना फोन करा. आपल्या धंद्यातली नोकरी जाहिरातीपेक्षा त्यांच्या तोंडून लवकर कळते.

मी नांदेडचा, बारबेंडर, आठवी पास. एजंट सौदीला पाठवतो म्हणतो, ९० हजार मागतो. द्यावेत का?

नाही. दहावी नसल्याने तुमच्या पासपोर्टवर ईसीआर असणार. म्हणजे सौदीसाठी सरकारी मंजुरी लागते आणि ती नोंदणीकृत एजंटामार्फत नीट मिळते. एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा आणि ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासा. सेवाशुल्क म्हणून तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेऊ शकतो, तेही पावती देऊन. प्रवासी भारतीय विमा काढायला लावा. करारात पगार रियालमध्ये किती, ओव्हरटाइम कसा, राहणं-जेवण कोणाचं आणि परतीचं तिकीट कोणाचं ते बघून घ्या. व्हिसावर धंदा बारबेंडरचाच लिहिलेला असला पाहिजे. ‘नुसता लेबर लिहिलंय, तिथे गेल्यावर बदलून देतो’ म्हणाला तर पासपोर्ट परत घेऊन घरी या.